अतिसंक्षिप्त रूप : भास्कराच्या ‘दृढ’ संख्यांपासून निसारच्या कक्षेपर्यंत

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ या प्रक्षेपकाने ‘निसार’ हा उपग्रह कक्षेत सोडला. नासा आणि इस्रो यांची ही संयुक्त मोहीम. तिच्यासाठी दोन्ही संस्थांनी घडवलेले भाग बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात एकत्र जोडले गेले. एकाच उपग्रहावर दोन निरनिराळ्या तरंगलांबींची रडारे, बारा मीटर व्यासाची उलगडणारी जाळीदार अँटेना, भूपृष्ठाची सूक्ष्म हालचाल टिपण्याची क्षमता, ही या उपग्रहाची ठळक वैशिष्ट्ये. त्याच्या माहितीपत्रकात आणखी एक साधी नोंद आढळते : बारा दिवसांत १७३ प्रदक्षिणा. या नोंदीतला अपूर्णांक १७३/१२ हा अतिसंक्षिप्त रूपात आहे, आणि तो तसा आहे म्हणूनच हा उपग्रह सबंध पृथ्वी पाहू शकतो.

हे विधान तपासून पाहण्यासारखे आहे. निसारची कक्षा सूर्यसमकालिक आहे, म्हणजे कक्षेचे प्रतल सूर्याच्या दिशेशी वर्षभर जवळजवळ ठरावीक कोन राखून हळूहळू वळत राहते. त्यामुळे या गणितात दिवस बरोबर चोवीस तासांचा धरता येतो. एका प्रदक्षिणेच्या अवधीत खालची पृथ्वी सुमारे २५ अंश फिरते. म्हणून प्रत्येक वेळी उपग्रह विषुववृत्त नव्या ठिकाणी ओलांडतो. बारा दिवसांनी १७३ प्रदक्षिणा पूर्ण झाल्या, की तो पहिल्या ठिकाणी परत येतो. विषुववृत्ताचा परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. त्याला १७३ ने भागले, तर शेजारच्या दोन मार्गांतील अंतर सुमारे २३२ किलोमीटर भरते. निसारचे रडार एका वेळी सुमारे २४० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहते. त्यामुळे पट्टे एकमेकांना किंचित झाकतात आणि मध्ये फट उरत नाही.

आता बारा दिवसांत १७३ ऐवजी १७२ प्रदक्षिणा होतात अशी कल्पना करावी. फरक केवळ एका प्रदक्षिणेचा, म्हणजे प्रत्येक फेरीमागे सुमारे ३५ सेकंदांचा आहे. कक्षेच्या उंचीत मोजला, तर तो सुमारे २७ किलोमीटर भरतो. पण १७२/१२ या अपूर्णांकाच्या अंश-छेदांना चारने भाग जातो आणि उरतो ४३/३. उपग्रह तीन दिवसांतच पहिल्या जागी परततो. त्याचे वेगवेगळे मार्ग फक्त ४३, आणि शेजारच्या मार्गांत सुमारे ९३२ किलोमीटरचे अंतर. बारा दिवसांत तो तेच ४३ पट्टे चार वेळा पाहील आणि विषुववृत्ताजवळचा बराचसा प्रदेश त्याच्या दृष्टीबाहेरच राहील. १७४ प्रदक्षिणा धरल्या, तर परिस्थिती आणखी बिकट होते : १७४/१२ म्हणजे २९/२, केवळ २९ मार्ग.

शाळेच्या वहीत ‘उत्तर अतिसंक्षिप्त रूपात लिहा’ ही सूचना टापटिपीची वाटते. १२/१८ आणि २/३ यांची किंमत एकच, मग आग्रह कशासाठी, असा प्रश्न अनेक विद्यार्थ्यांना पडतो. किमतीच्या दृष्टीने तो रास्तच आहे. परंतु अपूर्णांक जेव्हा एखाद्या आवर्तनाचे वर्णन करतो, तेव्हा त्याचे अतिसंक्षिप्त रूप किमतीपलीकडची माहिती देते. आवर्तन नेमके केव्हा पूर्ण होते आणि त्यात वेगवेगळ्या स्थिती किती येतात, हे त्या रूपातूनच कळते. भारतीय ज्योतिर्गणितात ही जाणीव किमान चौदाशे वर्षांपूर्वीची आहे, आणि तिचा जन्मही असाच ‘दिवस’ आणि ‘प्रदक्षिणा’ यांच्या गुणोत्तरातून झाला.

त्या इतिहासाचा प्रारंभ आर्यभटाच्या ग्रंथापासून करता येतो. इ. स. ४९९ हा काळ ज्याच्याशी निगडित आहे, त्या ‘आर्यभटीया’त ग्रहांच्या गती दशांश अपूर्णांकांत दिलेल्या नाहीत, तशी लेखनपद्धती तेव्हा नव्हतीच. तेथे ४३,२०,००० वर्षांचे एक युग मानले आहे आणि त्या युगात प्रत्येक ग्रह किती प्रदक्षिणा करतो, याच्या पूर्णांक संख्या दिल्या आहेत. या प्रदक्षिणांना ‘भगण’ म्हणतात. सूर्याचे भगण अर्थातच ४३,२०,००० आणि चंद्राचे ५,७७,५३,३३६. पृथ्वी त्या अवधीत स्वतःभोवती १,५८,२२,३७,५०० वेळा फिरते, असे आर्यभट सांगतो. त्यातून सूर्याचे भगण वजा केले, की सूर्योदयांची, म्हणजे सावन दिवसांची संख्या मिळते : १,५७,७९,१७,५००. ग्रहाची मध्यम गती म्हणजे त्याचे भगण भागिले हे दिवस. सबंध ज्योतिष अशा रीतीने काही अवाढव्य अपूर्णांकांत बांधलेले होते. मराठी वाचकाला या संख्या परक्या नाहीत. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात निरनिराळ्या सिद्धान्तांचे भगण मांडून त्यांची तुलना केली आहे.

एवढ्या मोठ्या संख्यांनी प्रत्यक्ष गणित करणे जिकिरीचे होते. ‘आर्यभटीया’वर इ. स. ६२९ मध्ये भाष्य लिहिणाऱ्या भास्कराने त्यांची व्यवस्था लावली. ‘लीलावती’कार भास्कराचार्य याच्यानंतर पाचशे वर्षांनी झाले, म्हणून इतिहासकार या पूर्वसूरीला ‘पहिला भास्कर’ म्हणतात. भाज्य आणि भाजक यांना त्यांच्या सर्वांत मोठ्या सामाईक विभाजकाने भागायचे, या क्रियेला ‘अपवर्तन’ असे नाव होते. अपवर्तनानंतर उरणाऱ्या संख्यांना पहिला भास्कर ‘दृढ’ म्हणतो. दृढ म्हणजे घट्ट, ज्यांतून आणखी काही काढून घेता येत नाही अशा. आजच्या पाठ्यपुस्तकातील भाषेत या सहमूळ संख्या होत. ‘संक्षिप्त’ या शब्दातून लहानपणाचा बोध होतो, तर ‘दृढ’ या शब्दातून पक्केपणाचा. पुढील उदाहरण पाहता जुना शब्द अधिक अर्थवाही वाटतो.

सूर्याचा अपूर्णांक ४३,२०,००० / १,५७,७९,१७,५००. अंश आणि छेद यांचा मसावि ७,५०० आहे. त्याने भागले असता अंश उरतो ५७६ आणि छेद उरतो २,१०,३८९. ५७६ चे मूळ अवयव केवळ २ आणि ३. २,१०,३८९ ही संख्या विषम आहे आणि तिच्या अंकांची बेरीज २३ असल्याने तिला ३ नेही भाग जात नाही. म्हणजे ही जोडी दृढ आहे. आर्यभटाच्या मते सूर्य २,१०,३८९ दिवसांत बरोबर ५७६ प्रदक्षिणा करतो. त्यावरून वर्षाची लांबी ३६५ दिवस, १५ घटी, ३१ पळे, १५ विपळे इतकी नेमकी येते. आजच्या परिमाणांत ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटे, ३० सेकंद. आधुनिक नाक्षत्र वर्षाहून ही सुमारे तीन मिनिटे वीस सेकंदांनी अधिक आहे.

या दृढ संख्यांत निसारच्या १७३ सारखीच माहिती दडलेली आहे. रोज सूर्योदयाच्या क्षणी मध्यम सूर्य राशिचक्रात कोठे आहे, याची नोंद केली, तर २,१०,३८९ वेगवेगळी स्थाने मिळतील आणि त्यानंतर पहिलेच स्थान पुन्हा येईल. युगातील दिवसांची मूळ संख्या पाहून कोणाला वाटेल की मध्यम सूर्याचे सूर्योदयकालीन आवर्तन पूर्ण होण्यास सारे युग लागते. वस्तुतः त्या युगात हे आवर्तन ७,५०० वेळा पूर्ण होते. किमतीला बाध न आणता मूळ अपूर्णांक आवर्तनाविषयी दिशाभूल करतो; दृढ रूप तशी करत नाही.

ही गोष्ट भास्कराला महत्त्वाची वाटण्याचे कारण व्यावहारिक होते. युगाच्या आरंभापासून किती दिवस लोटले, या संख्येला ‘अहर्गण’ म्हणतात. अहर्गण ठाऊक असेल, तर सूर्याचे मध्यम स्थान काढणे हा गुणाकार-भागाकाराचा विषय. पण उलट प्रश्न कठीण आहे : सूर्य अमुक स्थानी आहे, तर किती दिवस लोटले असतील? गणिताच्या भाषेत, ५७६ ला कोणत्या पूर्णांकाने गुणून त्यातून दिलेली शेष वजा केली असता २,१०,३८९ ने निःशेष भाग जाईल? अशा प्रश्नांची रीत आर्यभटाने गणितपादाच्या अखेरच्या दोन श्लोकांत अतिशय थोडक्यात सांगितली होती. पुढे ती ‘कुट्टक’ या नावाने प्रसिद्ध झाली. कुट्टक म्हणजे कुटणारा. परस्पर भागाकारांनी मोठ्या संख्या कुटून लहान करायच्या, म्हणून हे नाव. भास्कराने आपल्या भाष्यात आणि ‘महाभास्करीय’ या ग्रंथात ही रीत ग्रहगणिताला विस्ताराने लावून दाखवली. त्यात पहिली पायरी अपवर्तनाची. ती घेतली, की उत्तराचा अर्थही स्पष्ट होतो : केवळ मध्यम सूर्यावरून मिळणारा अहर्गण २,१०,३८९ च्या पटींइतका अनिश्चितच राहणार. पाचशे शहात्तर वर्षांच्या अंतराने येणारे दोन दिवस सूर्य एकसारखेच दाखवतो. निरीक्षणातून काय कळू शकते आणि काय कळू शकत नाही, याची सीमा दृढ छेदाने आखून दिली.

सूर्याच्या उदाहरणात मसावि काढणे तुलनेने सोपे होते; शेवटची शून्ये आणि पाच पाहून बरेचसे काम होते. चंद्राच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबणारा माणूस फसतो. ५,७७,५३,३३६ आणि १,५७,७९,१७,५०० या दोन्ही संख्यांना ४ ने भाग जातो, तसाच ३ नेही. म्हणून १२ ने भागावे. उरतात ४८,१२,७७८ आणि १३,१४,९३,१२५. पहिली सम, दुसरी विषम, तेव्हा २ चा प्रश्न मिटला. दुसरीच्या अंकांची बेरीज २९, तेव्हा ३ चाही मिटला. पहिलीच्या शेवटी ८ आहे, म्हणजे ५ सुटला. ७, ११, १३ करून पाहिले तरी हाती काही लागत नाही. येथे थांबण्याचा मोह होतो. तरीही ही जोडी दृढ नाही, कारण दोन्ही संख्यांत ६१ हा विभाजक लपलेला आहे.

तो शोधण्याचा मार्ग म्हणजे परस्पर भागाकार. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागावे, जी बाकी उरेल तिने आधीच्या भाजकाला भागावे, आणि बाकी शून्य येईपर्यंत असेच पुढे जावे. दिवसांच्या संख्येला चंद्राच्या भगणांनी भागले असता क्रमाने पुढील बाक्या येतात : १,८५,७७,४२८, २०,२१,०५२, ३,८७,९६०, ८१,२५२, ६२,९५२, १८,३००, ८,०५२, २,१९६, १,४६४, ७३२, आणि शेवटी शून्य. अकरा भागाकारांत काम संपले. शून्यापूर्वीची शेवटची बाकी ७३२, म्हणजे १२ गुणिले ६१. तिने भागले असता चंद्राच्या दृढ संख्या मिळतात : २१,५५,६२५ दिवसांत ७८,८९८ प्रदक्षिणा. अवयव पाडण्याची गरज पडली नाही, मूळ संख्यांची यादी लागली नाही, अंदाजालाही वाव उरला नाही. या दृढ संख्यांवरून चंद्राची एक प्रदक्षिणा सुमारे २७.३२१६७ दिवसांची येते. आधुनिक मान २७.३२१६६ आहे.

हा परस्पर भागाकार एकट्या भारताचा नव्हे. युक्लिडच्या ग्रंथाचे सातवे पुस्तक त्यानेच सुरू होते, आणि सहमूळ संख्यांची जोडी हीच त्या गुणोत्तरातील लघुतम जोडी होय, याची सिद्धताही तेथे आहे. चीनमध्ये हान राजवटीच्या काळातील ‘गणिती कलेची नऊ प्रकरणे’ या ग्रंथात अपूर्णांक संक्षिप्त करण्याची रीत पहिल्याच प्रकरणात येते : दोन्ही संख्या सम असतील तर अर्ध्या कराव्यात, नाहीतर मोठीतून लहान पुन्हा पुन्हा वजा करीत दोन्ही समान होईपर्यंत जावे. तेथील एक उदाहरण ४९/९१ चे आहे. ९१ मधून ४९ गेले ४२, ४९ मधून ४२ गेले ७. पुढे वजाबाक्या करीत गेल्यास दोन्हीकडे ७ उरतात आणि उत्तर ७/१३ येते. ग्रीक परंपरेत या रीतीला सिद्धतेची बैठक लाभली, तर चिनी ग्रंथात ती जमिनीच्या मोजणीच्या प्रकरणात आली. भारतीय ज्योतिषांनी तिच्यावर अनिर्णीत समीकरणे सोडवण्याचे यंत्र उभारले, कारण परस्पर भागाकारात बाजूला पडणारे भागाकारही त्यांनी टाकून दिले नाहीत. ते एकाखाली एक लिहून जी ‘वल्ली’ तयार होते, तिच्यातूनच कुट्टकाचे उत्तर वर चढत येते.

मग चंद्राच्या उदाहरणात आधी दिसलेली १२ ही संख्या निरुपयोगी होती काय? तसे नाही, ती निराळ्या प्रश्नाचे उत्तर होती. सूर्य आणि चंद्र दोघेही एकाच सूर्योदयाला पुन्हा आपापल्या आरंभस्थानी केव्हा येतील, हा तो प्रश्न. सूर्याचे आवर्तन २,१०,३८९ दिवसांचे, चंद्राचे २१,५५,६२५ दिवसांचे. दोघांचे जमण्यासाठी या दोन संख्यांचा लसावि हवा. पहिली संख्या ६१ गुणिले ३,४४९ आहे आणि दुसरी ६२५ गुणिले ३,४४९. तेव्हा लसावि ६१ गुणिले ६२५ गुणिले ३,४४९, म्हणजे १३,१४,९३,१२५ दिवस. हीच संख्या युगाच्या दिवसांना १२ ने भागून मिळाली होती. वर्षांत सांगायचे तर हा काळ ३,६०,००० वर्षांचा आहे. एका ग्रहाचे आवर्तन मसाविने उलगडते आणि अनेकांचे एकत्र आवर्तन लसाविने. छेद काढणे आणि छेद जुळवणे या वहीत शेजारी असणाऱ्या दोन क्रिया येथेही शेजारीच भेटतात.

लसाविचा स्पष्ट नियम आजच्या कर्नाटकाच्या भूमीत लिहिला गेला. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकाच्या मध्यास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. या ग्रंथातील ‘कलासवर्ण’ हे प्रकरण अपूर्णांकांना वाहिलेले आहे. छेदांचे सामाईक अवयव आणि अवयव काढून उरलेले भागाकार यांचा गुणाकार करून मिळणाऱ्या संख्येला महावीराचार्य ‘निरुद्ध’ म्हणतात. हाच आपला लसावि. छेदांचा सरसकट गुणाकार करण्याऐवजी निरुद्ध घेतला, की बेरजेतील संख्या आवाक्यात राहतात. मद्रास सरकारने १९१२ साली एम. रंगाचार्य यांनी संपादित केलेली या ग्रंथाची आवृत्ती इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केली आणि तो जगाच्या अभ्यासकांपुढे आला.

अपवर्तनाचा दुसरा उपयोग भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त नेमकेपणाने मांडला. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या या गणितज्ञाने आपले स्थान सह्याद्रीच्या परिसरात असल्याचे सांगितले आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाचा उल्लेख आहे. ‘लीलावती’तील कुट्टकाच्या एका प्रसिद्ध उदाहरणात विचारले आहे की २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळवले असता १९५ ने निःशेष भाग जाईल. परस्पर भागाकारात बाक्या २६ आणि १३ येतात, पुढे शून्य. म्हणून मसावि १३. सर्वांना १३ ने भागले, की प्रश्न १७, ५ आणि १५ इतका लहान होतो. गुणक ५ घेतला तर १७ पंचे ८५, त्यात ५ मिळवून ९०, आणि ९० म्हणजे १५ गुणिले ६. मूळ संख्यांतही तेच खरे ठरते : २२१ पंचे ११०५, अधिक ६५, एकूण ११७०, म्हणजे १९५ गुणिले ६.

आता ६५ च्या जागी ६६ ठेवावे. २२१ आणि १९५ यांना १३ ने भाग जातो, ६६ ला जात नाही. २२१ च्या कोणत्याही पटीत ६६ मिळवले तरी येणारी संख्या १३ च्या पटीत असणार नाही, म्हणून १९५ ने तिला भाग जाणे अशक्य. भास्कराचार्य अशा प्रश्नाला ‘दुष्ट’, म्हणजे मुळातच सदोष, म्हणतात. गणिताच्या इतिहासात ही बाब लहान नाही. एखाद्या प्रश्नाला उत्तर आहे की नाही, हे उत्तर शोधण्यापूर्वीच ठरवता येते, आणि त्यासाठी अपवर्तनाची एक पायरी पुरते.

या सर्व विवेचनात एक सावधगिरी आवश्यक आहे. सूर्य-चंद्रांच्या गतींचे गुणोत्तर खरोखरच दोन पूर्णांकांचे असते, असा भौतिकीतला कोणताही नियम नाही. युगाच्या संख्या ज्योतिषांनी निरीक्षणाशी जुळतील अशा निवडल्या होत्या; दृढ संख्या त्या निवडीइतक्याच बरोबर. अपवर्तनाने अपूर्णांकाची किंमत बदलत नाही, त्यामुळे मूळ मापनातील चूकही तशीच राहते. दृढ संख्यासुद्धा फार मोठ्या वाटल्या, तर पुढची पायरी म्हणजे सोयीचे आसन्न मान घेणे, आणि तेथे मात्र किंमत बदलते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात ‘ग्रहलाघवा’त हीच वाट धरली. त्यांनी सारे युग बाजूला ठेवून अकरा वर्षांचे, म्हणजे ४,०१६ दिवसांचे चक्र घेतले आणि प्रत्येक चक्रामागे साचणारा फरक ‘ध्रुव’ या दुरुस्तीने भरून काढला. संक्षेप करणे आणि अंदाज घेणे या भिन्न क्रिया आहेत, ही जाणीव त्या दुरुस्तीतच दिसते. आज गणकयंत्रावर ०.६६६७ लिहून २/३ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याकडून हा भेद सहज निसटतो.

बेंगळुरूत ही परंपरा नावापुरती पुढे आली नाही. भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ हा यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली शहराच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील शेडमध्ये तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत प्रक्षेपकाने अवकाशात गेला. ७ जून १९७९ रोजी पृथ्वीनिरीक्षणासाठीचा ‘भास्कर’ गेला. त्यानंतर १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून सोडलेला आयआरएस-१ए हा भारताच्या नियमित दूरसंवेदनाचा प्रारंभ ठरला. त्याची कक्षा २२ दिवसांत ३०७ प्रदक्षिणांची होती. ३०७ ही मूळ संख्या आहे, त्यामुळे ३०७/२२ हा अपूर्णांक दृढ. विषुववृत्तावर शेजारच्या मार्गांतील अंतर सुमारे १३०.५ किलोमीटर आणि कॅमेऱ्याचा पट्टा १४८ किलोमीटरचा. फट राहत नाही. एक प्रदक्षिणा वाढवून ३०८ केल्या असत्या, तर ३०८/२२ म्हणजे रोजच्या बरोबर १४ प्रदक्षिणा झाल्या असत्या. दर दिवशी तेच १४ पट्टे दिसले असते. एक कमी करून ३०६ केल्या असत्या, तर १५३/११ उरले असते आणि पट्ट्यांमध्ये शंभराहून अधिक किलोमीटरच्या फटी पडल्या असत्या. पिकांची, वनांची, भूजलाची छायाचित्रे देशाच्या प्रत्येक तालुक्याला मिळणार की काही पट्ट्यांतल्याच तालुक्यांना, हे त्या अपूर्णांकात ठरले होते.

ग्रहांच्या गती ज्योतिषांना बदलता येत नव्हत्या. त्यांना गुणोत्तर शोधायचे होते. अभियंत्यांपुढील काम उलटे आहे. त्यांना आधी गुणोत्तर निवडायचे आणि मग उपग्रहाला त्यावर टिकवून ठेवायचे असते. विरळ वातावरणाच्या घर्षणाने उपग्रह किंचित खाली येतो, त्याचा प्रदक्षिणाकाळ घटतो आणि भूमीवरील मार्ग पूर्वेकडे सरकू लागतो. मग लहान प्रणोदकांनी कक्षा पुन्हा उचलावी लागते. इस्रोचे अनेक उपग्रह ज्या इस्ट्रॅक केंद्राकडून नियंत्रित होतात, त्याचे मुख्यालयही पीण्यातच आहे. निसारच्या बाबतीत हे टिकवणे अधिकच निकडीचे. बारा दिवसांच्या अंतराने, जवळजवळ त्याच बिंदूवरून घेतलेल्या दोन रडार-प्रतिमांची तुलना करूनच जमीन किती खचली, हिमनदी किती सरकली, डोंगरउतार किती हलला हे कळते. १७३ आणि १२ यांचे नाते ढळले, तर तुलनेचा आधारच जातो.

सातव्या शतकातील भास्कर आणि आजचे कक्षा-अभियंते यांचे प्रश्न वेगळे, साधने वेगळी. तरी दोघांपुढील अपूर्णांकाचे स्वरूप एकच आहे, वर प्रदक्षिणा आणि खाली दिवस. तो दृढ आहे की नाही, हे पाहण्याची रीतही तीच राहिली आहे : मोठ्याला लहानाने भागा, बाकीने पुन्हा भागा, शून्य आले की थांबा. इयत्ता पाचवी-सहावीचा विद्यार्थी ही रीत शिकतो, तेव्हा त्याने ४३,२०,००० आणि १,५७,७९,१७,५०० या संख्या एकदा स्वतः घेऊन पाहाव्यात. शेवटी ७,५०० उरले, तर त्याचे गणित बरोबर आले असे समजावे.